आंतरकशेरुकी चकतीचा फुगवटा

पाठीच्या कण्यातील दोन लगतच्या कशेरुकांच्या (मणक्यांच्या) मध्ये असलेली तंतुमय उपास्थीची चकती (गादी) इजेमुळे, झिजेमुळे किंवा दाबामुळे आपल्या नेहमीच्या परिघाबाहेर थोडीशी पसरते, या स्थितीस आंतरकशेरुकी चकतीचा फुगवटा म्हणतात. वजन उचलताना, पाय घसरून पडल्यावर किंवा वाहनाचा धक्का बसल्यावर कंबरेत तीव्र वेदना सुरू झालेल्या व्यक्तीच्या तपासणीत हा फुगवटा पुष्कळदा आढळतो. बोलीभाषेत ‘गादी सरकली’ किंवा ‘मणक्यात गॅप पडली’ असे म्हटले जाते. परंतु हे दोन्ही शब्दप्रयोग दिशाभूल करणारे आहेत. चकती वरच्या व खालच्या कशेरुकांना घट्ट जोडलेली असते. ती जागची सरकत नाही व तिच्या ठिकाणी पोकळीही निर्माण होत नाही. साधा फुगवटा हा सौम्य स्वरूपाचा बदल असून त्यासोबतची वेदना बहुसंख्य रुग्णांत काही आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय कमी होते. या विकाराविषयीची वैद्यकीय समजूत विसाव्या शतकाच्या अखेरीस बरीच बदलली असून सक्त विश्रांतीऐवजी शक्य तितकी नेहमीची हालचाल हा आता उपचाराचा पाया मानला जातो.

रचना व कार्य : कण्यात एकूण ३३ कशेरुक असतात. त्यांपैकी मानेतील ७, छातीमागील १२ व कंबरेतील ५ कशेरुक स्वतंत्र असतात आणि त्यांखालील एकमेकांत सांधले जाऊन त्रिकास्थी व माकडहाड तयार होतात. मानेतील पहिल्या दोन कशेरुकांमध्ये चकती नसते. दुसऱ्या कशेरुकापासून त्रिकास्थीपर्यंत एकूण २३ चकत्या असून कण्याच्या उंचीचा सुमारे एकचतुर्थांश भाग त्यांनी व्यापलेला असतो. कंबरेतील चकत्या सर्वांत जाड, म्हणजे सुमारे १ सेंमी. असतात.

प्रत्येक चकतीचे दोन भाग असतात. मध्यभागी जेलीसारखा मऊ गाभा व त्याभोवती चिवट तंतुवलय असते. तंतुवलय कोलॅजेन या प्रथिनाच्या १५ ते २५ थरांचे बनलेले असते. लगतच्या थरांतील तंतू परस्परविरुद्ध दिशांनी तिरपे गेलेले असल्यामुळे ते ताण व पीळ या दोहोंनाही विरोध करतात. गाभ्यातील प्रोटिओग्लायकॅन हे पदार्थ पाणी धरून ठेवतात. जन्मतः गाभ्यात ८० टक्क्यांहून अधिक पाणी असते. वयोमानाप्रमाणे ते कमी होत जाते. दिवसभर उभे राहिल्याने व बसल्याने चकत्यांतील काही पाणी पिळून निघते आणि रात्री आडवे झाल्यावर ते पुन्हा शोषले जाते. त्यामुळे माणसाची उंची सकाळी किंचित जास्त व सायंकाळी कमी भरते.

प्रौढ वयात चकतीच्या आतील भागात रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारे पोषण वरच्या व खालच्या कशेरुकांच्या पृष्ठांतून झिरपत येते. फाटलेले तंतू त्वचेच्या जखमेप्रमाणे भरून येण्यास वेळ लागतो, तो यामुळेच. वेदना जाणणाऱ्या तंत्रिका (मज्जातंतू) निरोगी चकतीच्या केवळ बाहेरील थरांत असतात. म्हणून तंतुवलयाच्या बाहेरील थरास चीर पडली, तर तंत्रिकामुळावर दाब नसतानाही कंबर दुखू शकते.

चकतीवरील दाब शरीराच्या स्थितीनुसार बदलतो. हे दाब प्रत्यक्ष मोजण्याचे काम स्वीडनमध्ये आल्फ नाकेम्सन यांनी १९६०–७० च्या दशकात केले. पुढे जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या कंबरेतील चकतीत दाबमापक बसवून केलेली मापने १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांत आडवे असताना ०·१ मेगॅपास्कल, तर उभे असताना ०·५ मेगॅपास्कल दाब आढळला. पाठ वाकवून २० किग्रॅ. वजन उचलताना तो २·३ मेगॅपास्कल झाला व तेच वजन गुडघे वाकवून उचलताना १·७ मेगॅपास्कल राहिला. वजन शरीराच्या जवळ धरल्यास दाब आणखी कमी होतो, असेही दिसून आले.

प्रकार : चकतीच्या परिघाचा चौथ्या हिस्स्याहून अधिक भाग सर्वसाधारणपणे सारख्या प्रमाणात बाहेर आला असेल, तर त्यास फुगवटा म्हणतात. त्याहून कमी भागात चकतीचे द्रव्य बाहेर आले असेल, तर त्यास चकतीचे बहिःसरण ही संज्ञा लावतात. बाहेर आलेल्या भागाचे बूड रुंद असेल, तर तो उभार होय. बूड अरुंद असून द्रव्य तंतुवलयाबाहेर आले, तर तो निःसरणाचा प्रकार आणि मूळ चकतीपासून तुकडा सुटला, तर तो विलग खंड होय. अमेरिकेतील वैद्यकीय संस्थांनी २००१ मध्ये ठरवलेली व २०१४ मध्ये सुधारलेली ही परिभाषा आता सर्वत्र वापरतात. तिच्यानुसार फुगवट्याची गणना बहिःसरणात होत नाही. अहवालातील हा शब्द वाचताना हा फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

इतिहास : कंबरेपासून पायात उतरणाऱ्या वेदनेचे वर्णन प्राचीन आहे. चरकसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणात गृध्रसी या नावाने तिचा उल्लेख आला आहे. ही वेदना सांध्याची नसून तंत्रिकेची असू शकते, हे नेपल्स येथील दोमेनिको कोतून्यो यांनी १७६४ मध्ये मांडले. पाय सरळ ठेवून उचलल्यास ही वेदना वाढते, याचे वर्णन सर्बियातील लाझा लाझारेविच यांनी १८८० मध्ये व फ्रान्समध्ये लासेग यांचे शिष्य फोर्स्ट यांनी १८८१ मध्ये केले. तथापि वेदनेचा चकतीशी असलेला संबंध बराच काळ अज्ञात होता. बॉस्टन येथील विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार या शल्यचिकित्सकांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात, बाहेर आलेल्या चकतीमुळे तंत्रिकामूळ दाबले जाते व शस्त्रक्रियेने आराम पडतो, असे दाखवून दिले. या शोधाचा प्रभाव इतका पडला की, पुढील काही दशके जवळजवळ प्रत्येक कंबरदुखीचे मूळ चकतीत शोधले जाऊ लागले.

कारणे : एखाद्या प्रसंगी वाकून जड वस्तू उचलताना कंबरेत ‘कट्’ झाल्यासारखे वाटते व त्या क्षणापासून दुखणे सुरू होते. त्यामुळे सर्व दोष त्या प्रसंगाकडे जातो. वस्तुतः तंतुवलय पुष्कळदा आधीच क्षीण झालेले असते व इजा हे केवळ निमित्त ठरते. फिनलंडमधील ११५ एकसारख्या जुळ्या भावांच्या जोड्यांवरील, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चकतीच्या झिजेस कामाच्या बोजापेक्षा आनुवंशिकता व बालपणातील समान परिस्थिती अधिक कारणीभूत असल्याचे आढळले. याखेरीज धूम्रपान, लठ्ठपणा, वाहनाचे सततचे हादरे आणि वाकून व पिळवटून वजन उचलण्याची कामे यांमुळे दुखण्याचा संभव वाढतो. बाजारपेठेतील हमाल, उसाच्या मोळ्या वाहणारे मजूर, विहिरीवरून हंडे आणणाऱ्या स्त्रिया आणि रुग्णांना उचलणाऱ्या परिचारिका यांना ही जोखीम विशेष असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुष कामगाराने हाताने वाहावयाचे वजन ५५ किग्रॅ. पेक्षा जास्त असू नये.

लक्षणे : कंबरेत एका बाजूस किंवा मध्यभागी वेदना होते. वाकणे, बराच वेळ बसणे, खोकणे व शिंकणे यांमुळे ती वाढते आणि आडवे झाल्याने व थोडे चालल्याने बहुधा कमी होते. पाठीचे स्नायू आकुंचन पावून ताठ होतात व त्यामुळे रुग्ण एका बाजूस झुकून चालतो. वेदना तीव्र असली, तरी तिची तीव्रता इजेच्या प्रमाणात असतेच असे नाही.

चकतीचे द्रव्य तंत्रिकामुळापर्यंत पोहोचले, तर नितंबापासून मांडीच्या मागील बाजूने पोटरी व पाऊल यांकडे वेदना उतरते आणि मुंग्या व बधिरता जाणवतात (गृध्रसी). ही वेदना दाबाइतकीच शोथामुळेही (दाहयुक्त सुजेमुळेही) होते. कंबरेतील बहुतेक बहिःसरणे शेवटच्या दोन चकत्यांत होतात. चौथ्या व पाचव्या कटिकशेरुकांमधील चकतीमुळे पायाचा अंगठा वर उचलण्याची शक्ती कमी होते, तर त्याखालील चकतीमुळे चवड्यावर उभे राहणे अवघड होते व घोट्याची प्रतिक्षेपी क्रिया मंदावते. साध्या फुगवट्यात अशी लक्षणे सहसा नसतात.

निदान : निदान मुख्यतः रुग्णाची हकिकत व शारीरिक तपासणी यांवरून करतात. उताणे झोपवून पाय सरळ उचलणे, स्नायूंची शक्ती, स्पर्शज्ञान आणि प्रतिक्षेपी क्रिया यांची परीक्षा पुरेशी असते. क्ष-किरण चित्रात चकती दिसत नाही. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाने (एमआरआयने) ती स्पष्ट दिसते. परंतु या सुस्पष्टतेमुळेच एक नवी अडचण निर्माण झाली. पाठीचे कसलेही दुखणे नसलेल्या ९८ व्यक्तींची अमेरिकेत अशी तपासणी केली असता, ५२ टक्के व्यक्तींत किमान एका चकतीचा फुगवटा आढळला (१९९४). तीन हजारांहून अधिक वेदनारहित व्यक्तींच्या माहितीचे संकलन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार फुगवट्याचे प्रमाण विशीतील व्यक्तींत सुमारे ३० टक्के, तर ऐंशीच्या वयात ८४ टक्के असते. म्हणजेच केसांच्या पांढरेपणाप्रमाणे फुगवटा हाही बहुधा वयाचा एक बदल असून, तो दिसला म्हणजे दुखण्याचे कारण सापडले, असे ठरत नाही. म्हणून धोक्याची लक्षणे नसल्यास पहिल्या सहा आठवड्यांत प्रतिमादर्शनाची शिफारस करीत नाहीत.

धोक्याची लक्षणे : मेरुरज्जू पहिल्या व दुसऱ्या कटिकशेरुकांच्या पातळीवर संपतो व त्याखाली तंत्रिकामुळांचा जुडगा असतो, त्यास अश्वपुच्छ म्हणतात. मोठ्या बहिःसरणाने हा जुडगा दाबला गेल्यास लघवी तुंबते किंवा तिच्यावरील ताबा सुटतो, शौचाचे नियंत्रण जाते, खोगिरावर बसताना टेकणारा भाग बधिर होतो व दोन्ही पाय अशक्त होतात. ही स्थिती विरळ असली, तरी अत्यंत तातडीची असते. शस्त्रक्रियेस विलंब झाल्यास कायमचे व्यंग राहू शकते. म्हणून अशा रुग्णास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात नेणे आवश्यक असते. एका पायाची शक्ती झपाट्याने कमी होत असल्यासही विलंब करू नये. ताप, वजनात घट, विश्रांतीतही न थांबणारी रात्रीची वेदना व पूर्वी कर्करोग झालेला असणे या बाबीही गंभीर होत. भारतात क्षयरोगाचे प्रमाण मोठे असल्यामुळे कशेरुकांच्या क्षयाची शक्यता तपासावी लागते. वृद्धांत साध्या पडण्यानेही कशेरुक पिचू शकतो.

विकाराचा स्वाभाविक क्रम : तीव्र कंबरदुखी बहुतेकांत सहा आठवड्यांच्या आत बरीच कमी होते. पायात उतरणारी वेदना जिरण्यास अधिक काळ लागतो. तरीही बहुसंख्य रुग्णांस सुमारे तीन महिन्यांत आराम पडतो. बाहेर आलेले द्रव्य शरीर परके समजते व भक्षककोशिका ते हळूहळू नाहीसे करतात. अनेक अभ्यासांच्या २०१५ मधील संकलनात विलग खंड ९६ टक्के, निःसरण ७० टक्के, उभार ४१ टक्के व फुगवटा केवळ १३ टक्के रुग्णांत आपोआप लहान झाल्याचे दिसले. मोठा दोष अधिक ओसरतो व लहान दोष तसाच राहतो, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. परंतु फुगवट्यात तंतुवलय अखंड असल्यामुळे रक्तातील कोशिका आतील द्रव्यापर्यंत पोहोचत नाहीत. यावरून महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. फुगवटा प्रतिमेत तसाच राहिला, तरी शोथ ओसरल्याने वेदना जाते. बरे होणे म्हणजे चित्र सुधारणे नव्हे, तर हालचाल व कामाची क्षमता परत येणे होय.

दुखणे आपोआप ओसरते म्हणूनच त्यावरील अनेक लौकिक उपायांना यश मिळाल्यासारखे वाटते. महाराष्ट्रात उसण भरल्यावर पायाळू (जन्मतः पायांकडून बाहेर आलेल्या) व्यक्तीचा पाय पाठीस लावून घेण्याची प्रथा आहे. हलका स्पर्श निरुपद्रवी असतो. मात्र पाठीवर लाथ मारणे, उभे राहणे किंवा अप्रशिक्षित व्यक्तीने कणा जोराने पिळणे धोक्याचे आहे.

उपचार : पूर्वी रुग्णास कठीण बिछान्यावर कित्येक आठवडे निजवून ठेवीत व पायांस वजने बांधून ताण देत. या रूढीस नियंत्रित प्रयोगांनी धक्का दिला. अमेरिकेत २०३ रुग्णांवरील प्रयोगात दोन दिवसांच्या विश्रांतीचा सल्ला मिळालेले रुग्ण सात दिवसांचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा ४५ टक्के कमी दिवस कामावर गैरहजर राहिले (१९८६). हेलसिंकी येथील नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांत विश्रांती व ठरावीक व्यायाम यांपेक्षा सोसवेल तशी नेहमीची कामे चालू ठेवणारे लवकर बरे झाले (१९९५). नेदर्लंड्समध्ये पायात वेदना उतरलेल्या रुग्णांतही विश्रांतीचा जास्त फायदा दिसला नाही (१९९९). दीर्घ विश्रांतीने स्नायू दुर्बल होतात, सांधे आखडतात आणि आपण अपंग झालो आहोत, ही भावना बळावते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत वेदना तीव्र असल्यास आडवे होण्यास हरकत नाही. पण अधूनमधून उठून घरातल्या घरात चालावे. कुशीवर निजून गुडघ्यांमध्ये उशी किंवा उताणे निजून गुडघ्यांखाली उशी घेतल्यास बरे वाटते. शेक दिल्याने स्नायूंचा ताठरपणा कमी होतो. शोथशामक औषधांनी थोडा आराम मिळतो. परंतु जठरव्रण, वृक्कविकार (मूत्रपिंडाचे विकार) व हृद्‌रोग असणाऱ्यांनी ती वैद्याच्या सल्ल्याविना घेऊ नयेत. ऑस्ट्रेलियातील २०१४ च्या मोठ्या प्रयोगात तीव्र कंबरदुखीवर पॅरासिटामॉल हे निव्वळ दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाही. गृध्रसीसाठी सर्रास दिले जाणारे प्रीगॅबालिन हे औषधही २०१७ मध्ये निष्प्रभ आढळले. पायात उतरणाऱ्या वेदनेत कण्यातील पोकळीत स्टेरॉइडाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) केल्यास अल्पकाळ काहीसा आराम मिळतो.

पहिल्या आठवड्यानंतर चालण्याचे अंतर दररोज थोडे वाढवावे. ज्या हालचालीने पायातील वेदना कंबरेकडे सरकते ती बहुधा हितकारक व जिने वेदना पायात खाली उतरते ती टाळावी, हे तत्त्व न्यूझीलंडमधील भौतिकोपचारज्ञ रॉबिन मॅकेंझी यांनी रूढ केले. १९५६ मध्ये एक रुग्ण त्यांच्या चिकित्सालयात योगायोगाने पाठ मागे वाकलेल्या स्थितीत पालथा पडून राहिला व त्याची पायाची वेदना थांबली, यातून त्यांची पद्धत उदयास आली. भुजंगासनाशी तिचे साम्य आहे. मात्र हा व्यायाम सर्वांनाच मानवत नाही. पश्चिमोत्तानासन व हलासन यांसारखी पुढे वाकण्याची आसने सुरुवातीस करू नयेत. दोन ते सहा आठवड्यांच्या काळात पोट, पाठ व नितंब यांच्या स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सुरू करतात. व्यायामानंतर थोडे दुखणे म्हणजे नवी इजा नव्हे. दुखणे दुसऱ्या दिवशीपर्यंत वाढलेले राहिल्यास व्यायामाचे प्रमाण कमी करावे, तो सोडू नये.

रुग्णाच्या मनातील भीती हा बरे होण्यातील मोठा अडथळा आहे. ‘तुमचा कणा खिळखिळा झाला आहे’ किंवा ‘आयुष्यात कधी वाकू नका’ अशा इशाऱ्यांमुळे रुग्ण हालचाल टाळतो, त्याचे स्नायू क्षीण होतात व वेदना रेंगाळते. कंबरदुखीचा विचार शारीरिक, मानसिक व सामाजिक अशा तिन्ही अंगांनी करावा, हे स्कॉटिश शल्यचिकित्सक गॉर्डन वॉडेल यांनी १९८७ मध्ये प्रतिपादिले. वेदना पूर्ण थांबण्याची वाट न पाहता हलक्या कामावर परतणे हितकारक असते. रोजंदारीवरील मजुरास मात्र हलके काम मिळणे कठीण असते. त्यामुळे त्याचे बरे होणे केवळ औषधोपचारावर नव्हे, तर मालकाच्या सहकार्यावरही अवलंबून असते.

साध्या फुगवट्यासाठी शस्त्रक्रिया करीत नाहीत. बहिःसरणामुळे पायातील वेदना सहा ते बारा आठवड्यांच्या उपचारांनंतरही असह्य राहिल्यास तिचा विचार होतो. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने लहान छेद घेऊन ती करण्याची पद्धत यशारगिल व कास्पार यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. नेदर्लंड्समधील २८३ रुग्णांच्या तुलनेत (२००७) लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांना आराम लवकर पडला. परंतु वर्षअखेर दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती.

प्रतिबंध : एकदा झालेली कंबरदुखी पुन्हा उद्‌भवणे सामान्य आहे. प्रत्येक वेळी नवी इजा झालेली असतेच असे नाही. नियमित व्यायाम हा सर्वांत खात्रीचा प्रतिबंधक उपाय होय. ऑस्ट्रेलियातील ७०१ व्यक्तींवरील प्रयोगात (२०२४) मार्गदर्शनासह चालण्याचा कार्यक्रम घेतलेल्यांत दुखणे पुन्हा होण्यापूर्वीचा मध्यम कालावधी २०८ दिवस, तर इतरांत ११२ दिवस होता. सकाळी उठल्यावर चकत्या पाण्याने फुगलेल्या असतात. म्हणून बरे होण्याच्या काळात पहिला तासभर खाली वाकून करण्याची कामे टाळावीत. आखूड केरसुणीऐवजी लांब दांड्याचा झाडू घ्यावा, धुणे उभ्याने पोहोचेल अशा उंचीवर धुवावे आणि वजन उचलताना ते शरीराजवळ धरून कंबर न पिळता पावले वळवावीत. सलग अर्धा-पाऊण तास बसल्यावर उठून चार पावले चालावे. धूम्रपान सोडावे व वजन आटोक्यात ठेवावे. कंबरपट्टा काही दिवस आधारास वापरता येतो; तो कायम बांधल्याने विशेष लाभ होत नाही. पूर्वीची कामे हळूहळू, पण निःशंकपणे पुन्हा करू लागणे हीच या विकारातून बाहेर पडल्याची खरी खूण मानतात.

[→ कशेरुक दंड, गृध्रसी, पाठदुखी, भौतिकी चिकित्सा].